पंच्याण्णवच्या आत

"गेलं," मी म्हणाले.

पडदा काळा झाला होता. कॅबिनेटमधले पंखे एकदा जीव खाऊन घरघरले आणि तेही थांबले. खोलीत फक्त कूलरचा आवाज उरला, आणि मोबाइलमधून येणारा तेजलचा.

"रेणू, हल की! उभ्या उभ्या गोळ्या काय खातीयस?"

"मी तिथं नाहीये. कॉम्प्युटर बंद पडला."

"परत?"

"परत."

तेजल आमच्या टीमची कॅप्टन, सांगलीची. आम्ही पाच मुली पाच गावांतून खेळायचो. प्रत्यक्ष कधी भेटलो नव्हतो, पण तेजल चिडली की नुसत्या श्वासावरून मला कळायचं.

"हे बघ, मी तोंडावर बोलते," ती म्हणाली. "आठवड्यात चौथ्यांदा झालं हे. रविवारी असलं काय चालायचं नाही. शनिवारी चारला आपण सलग दोन तास सराव करायचा. त्यात तुझं मशीन टिकलं तर तू. बंद पडलं तर रविवारी तुझ्या जागी साताऱ्याची पोरगी खेळंल. राग मानू नको."

"नाही मानत," मी म्हणाले. मानला होता.

ही गोष्ट सात वर्षांपूर्वीची, अकोल्याची आणि मे महिन्यातली. अकोल्याचा मे ज्यांनी पाहिला नाही त्यांना एवढंच सांगते की आमच्याकडे त्या दिवसांत टाकीतल्या पाण्याने दुपारी हात धुतला की हात मागे घ्यावा लागतो. रविवारी एक वाजता आमची मॅच होती. जिंकलो तर हैदराबादला, खऱ्या स्टेजवर, लोकांसमोर खेळायचं. मी वीस वर्षांची होते आणि सगळ्या नात्यागोत्यात माझी ओळख 'ते दिवसभर गेम खेळत बसते ते उत्तमभाऊचं पोट्टं' अशी होती. मला ते हैदराबाद काहीही करून हवं होतं.

"उकळली गाडी," कूलरसमोर सतरंजी टाकून पडलेले बाबा म्हणाले. "बोनट खोल अन् अर्धा घंटा हात लावू नको."

"ही गाडी नाहीये, बाबा."

"गरम झालं अन् बंद पडलं. मंग गाडीच झाली ना ते?"

बाबा म्हणजे उत्तम गावंडे. स्वतःची सतरा सीटची गाडी, स्वतः ड्रायव्हर, आणि चोवीस वर्षांत एकदाही गाडी कुठे घासली नाही याचा अभिमान जेवताना दोन वेळा सांगणार. लग्नाची वऱ्हाडं, बारशी, शेगाव, माहूर, जिथे म्हणाल तिथे. त्या मे महिन्यात मात्र गिअरबॉक्सचं काम निघालं म्हणून गाडी गॅरेजला होती आणि बाबा घरी. ऐन लग्नसराईत ड्रायव्हर घरी बसला की तो घरातल्या प्रत्येक वस्तूला मेकॅनिकच्या नजरेने बघायला लागतो. त्यांनी आईचा मिक्सर खोलला होता. माझी स्कूटी खोलली होती. आता ते उठून बसले आणि कॅबिनेटकडे बघायला लागले.

खरं सांगायचं तर आजार मला कळला होता. कॉम्प्युटरमध्ये पडद्यावरचं सगळं चित्र काढायचं काम एका भागाकडे असतं, ग्राफिक्स कार्ड म्हणतात त्याला. गेममध्ये झाड हललं, धूर निघाला, सावली सरकली की ते सगळं हे बिचारं क्षणाक्षणाला काढत बसतं आणि तापतं. नव्वदपर्यंत तापलं तर सहन करतं. पंच्याण्णवला पोचलं की स्वतःचा जीव वाचवायला सगळं बंद करून टाकतं. माझं कार्ड एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतलं, माझ्या हाती येण्याआधीच चार वर्षं राबलेलं. खोलीत चाळीस अंश असल्यावर ते पंच्याण्णव गाठायला अर्धा तासही घेत नव्हतं.

"रेडिएटर कुठी आहे याचा?" बाबांनी विचारलं.

"नसतो."

"मंग थंड कशानं होते?"

"हवेनं. पंखे आहेत."

बाबांनी खोलीतल्या हवेत हात फिरवला. "ह्या हवेनं?" ते म्हणाले. "ह्या हवेनं तर आपला माणूस थंड होत नाही."

आणि त्यांची नजर कूलरकडे गेली. माझीही गेली, हे कबूल करायला हवं. अकोल्यात जन्मलेल्या माणसाला कुठलीही गरम वस्तू दाखवा, त्याच्या डोक्यात दुसरं काही येतच नाही.

शुक्रवारी सकाळी क्लासहून परत आल्यावर आम्ही दोघांनी कूलर ढकलत आणला. मी रोज सकाळी एका क्लासमध्ये पाचवीच्या मुलांना गणित शिकवायला जायचे, साडेदहाला घरी यायचे. कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण काढलं. कॉम्प्युटरवरचं आईने शिवलेलं कव्हरही काढून खुर्चीवर ठेवलं. हे कव्हर मरून मखमलीचं, खाली झालर, वर सोनेरी लेस. आमच्या घरात फ्रिजला, मिक्सरला, टीव्हीला, इतकंच काय गॅसच्या सिलिंडरलाही कव्हर होतं, त्यामुळे कॉम्प्युटर तसाच उघडा ठेवणं आईला लाज वाटण्यासारखं होतं. त्यातून माझ्या कॅबिनेटमध्ये रंगीत दिवे. "ऑर्केस्ट्रा वाटते," ती म्हणायची, आणि झाकून टाकायची.

कूलरची सगळी हवा सरळ कार्डावर सोडली. नवं वाळ्याचं गवत, खोलीभर गारवा. मी गेम सुरू केला आणि बाजूला तापमान लावलं. ऐंशी. अठ्ठ्याहत्तर. एक तास झाला, अठ्ठ्याहत्तर. बाबा खुर्ची ओढून माझ्या मागे बसले आणि मांडीवर थाप मारून म्हणाले, "सांग त्या सांगलीवालीले!"

मी सांगणारच होते. तेवढ्यात कूलरने त्याच्या सवयीप्रमाणे एक मोठा शिंतोडा उडवला.

इरफानभाई संध्याकाळी आले. त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टिळक रोडच्या मागच्या गल्लीत, आणि माझं मशीन त्यांनीच जुळवलेलं. त्यांनी कार्ड बाहेर काढलं आणि खिडकीच्या उजेडात धरून उलटसुलट पाहिलं. कार्डावर पांढरे पांढरे ठिपके उमटले होते. आमच्या बोअरचं पाणी खारं.

"रेणुका," ते शेवटी म्हणाले, "मी तुले कार्ड दिलं होतं का चहाची किटली?"

"बाबांनी..."

"मी नाही," बाबा म्हणाले. "दोघांनी."

"देवाची कृपा, जळलं नाही." इरफानभाईंनी ब्रशने एकेक ठिपका काढला, कार्डाच्या पोटाखालचा वाळलेला लेप काढून नवा लावला. मग पंखे बोटाने फिरवून पाहिले. दोनपैकी एक फिरेचना. "हा मेला. नवा नागपूरहून येईन. मंगळवारी."

"माझी मॅच रविवारी आहे."

"मंग रविवारी याले जोर देऊ नको. सावल्या-बिवल्या बंद कर गेममधल्या. सगळ्यात जास्त जोर सावल्यांलेच लागते."

इथे माझं डोकं फिरलं, कारण सावली हाच माझा खेळ होता. समोरची मुलगी भिंतीआड लपली असली तरी तिची सावली कोपऱ्यातून बाहेर येते. इतर मुली माणूस शोधायच्या, मी जमिनीकडे बघायचे. सावली दिसली की दोन पावलं आधी गोळी. तेजलने मला टीममध्ये घेतलं ते त्याच एका गोष्टीसाठी. सावल्या बंद करून खेळणारी रेणू आणि साताऱ्याची पोरगी यांच्यात मग फरक काय?

"नाही करणार," मी म्हणाले.

"मंग पंच्याण्णव होईन," इरफानभाई म्हणाले आणि ब्रश खिशात टाकून गेले.

शनिवारी क्लासमध्ये वीज गेली. पंख्यावाचून पाचवीची पंचवीस मुलं बसवणं शक्य नव्हतं, म्हणून सरांनी नऊ वाजताच सोडलं. मी घरी आले तर आई वर गच्चीवर कुरडया घालत होती. पुढच्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आतून इंजिनाचा आवाज येत होता.

मी दार ढकललं.

बाबा माझ्या खुर्चीत बसले होते. नाक पडद्याला टेकेल इतके पुढे वाकलेले. पडद्यावर, मी कधीकाळी टाकून ठेवलेल्या एका गेममधली बस चालली होती, आणि बाबांचा डावा पाय जमिनीवर नसलेला क्लच दाबत होता. मला सगळ्यात जास्त धक्का बसला तो कॅबिनेट बघून. त्यावर मरून मखमलीचं कव्हर तसंच होतं, झालरीसकट, सगळ्या झरोक्यांवरून घट्ट ओढलेलं.

"बाबा!"

बस पडद्यावर खांबाला धडकली.

"हे तुमी चालवून राहिले? रोज? मी क्लासले गेली की?"

"रोज नाही," बाबा म्हणाले. मग प्रामाणिकपणे, "इतवार सोडून."

"अन् ते कव्हर?"

"तुझी माय खाली-वर करते. ते लाइटा चमकल्या तर तिले दिसन ना."

मी जे बोलले ते सगळं लिहीत नाही. वडिलांना तसं बोलू नये. मुद्दा एवढा की मी चार दिवस जीव तोडून कार्ड थंड करत होते, कापसाचा बोळा घेऊन जाळ्या पुसत होते, आणि इकडे हा माणूस त्याला रोज सकाळी मखमलीची गोधडी पांघरून तापवत होता. वर दिवसभर मला म्हणणार की डब्ब्यापुढं बसून डोळे जातील. माझी जागा जाणार होती ती यांच्यामुळे. मला रडूच आलं आणि मी ते लपवलं नाही.

बाबा उठून उभे राहिले. आमच्या घरात बाबा गप्प बसणं फार क्वचित, त्यामुळे मी जरा थांबले. थांबले तेव्हा सवयीने तापमान बघितलं.

अडुसष्ट.

मी कव्हर ओढून काढलं, कॅबिनेटला हात लावला. कोमट. एक पंखा मेलेला, वर मखमल, खोलीत उकाडा, आणि अडुसष्ट.

"किती वेळ झाला चालवून?"

"दोन घंटे. बाळापूर गेलं, आता पातूर येऊन राहिलं."

मी खेळाच्या सेटिंगमध्ये गेले. सावल्या बंद. झाडं बंद. गवत, पाऊस, धुकं, ढग, सगळं बंद. प्रकाश शेवटपर्यंत वाढवलेला. पडद्यावर उरला होता काळा रस्ता, पांढरे पट्टे आणि बाजूला सपाट पिवळी जमीन. इतका उघडाबोडका खेळ मी जन्मात पाहिला नव्हता.

"हे तुम्ही केलं?"

"एकेक दाबून पाह्यलं. जे नको ते काढलं." ते माझ्याकडे बघत नव्हते. "मले रस्ता दिसला की पुरे."

मला वाटलं, चोवीस वर्षं गाडी चालवलेला माणूस, इंजिनावरचा भार कसा उतरवायचा हे त्याला इरफानभाईंनी सांगायची गरजच नाही. रडत होते तरी मला त्यांचं कौतुक वाटलं. मी डोळे पुसले, माझा गेम उघडला आणि मन घट्ट करून सावल्या बंद केल्या.

चार वाजता तेजलबरोबर दोन तास खेळलो. मी नेहमीच्या निम्म्यानेही खेळले नाही, चार वेळा कोपऱ्यावर सरळ मरायला गेले, पण मशीन एकदाही बंद पडलं नाही. अठ्ठ्याऐंशीच्या वर गेलं नाही.

"खेळ काय खास नव्हता," तेजल म्हणाली. "पण टिकलीस. उद्या साडेबाराला ये."

"येते."

"आणि रेणू, सावली नसंल तर कानांनी खेळ. पावलं ऐक."

रविवारी बारा वाजता बाहेर पंचेचाळीस अंश होते. शनिवारी संध्याकाळी निभावलं होतं, पण ही भर दुपार आणि मॅच लांबली तर तीन तास. खेळताना तापमान बघायला माझी नजर हलली तर गेलेच. म्हणून मी ते माझ्या जुन्या मोबाइलवर दिसेल असं केलं आणि तो बाबांच्या हातात दिला. आदल्या दिवशीच्या बोलण्याबद्दल मला माफी मागायची होती. ती मागता आली नाही, म्हणून काम दिलं.

"फक्त आकडा सांगायचा. नव्वद झालं की 'भिंत' म्हणायचं."

"भिंत कायले?"

"मी गेममध्ये भिंतीकडं तोंड करून उभी राहीन. समोर नुसती भिंत असली की कार्डाले काही काढावं लागत नाही. दहा सेकंदात श्वास घेते ते."

बाबांना हे फार आवडलं. "घाटात गाडी बाजूले घेतो तसं," ते म्हणाले. त्यांनी खुर्ची कॅबिनेटला लावली, उजव्या हातात मोबाइल धरला आणि डावा तळहात कॅबिनेटच्या डोक्यावर ठेवला, झोपलेल्या बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा.

मॅच सुरू झाली. पहिला अर्धा तास बाबा शांत आवाजात सांगत होते, "सत्तर. बहात्तर. बहात्तर." मग एकाएकी, "भिंत!"

मी वळले. दहा सेकंद विटा बघितल्या.

"रेणू, भिंतीशी काय बोलतीयस?" तेजल ओरडली.

"आले, आले."

"आणि मागं कोण बोंबलतंय?"

"माझे बाबा आहेत."

मग तेजल म्हणाली, "नमस्कार काका."

"नमस्कार माय," बाबा म्हणाले. "तुमी खेळा. भिंत!"

तासाभरात पाचही मुलींना भिंतीची सवय झाली. बाबांनी आवाज दिला की मी वळायचे आणि बाकीच्या चौघी माझी पाठ सांभाळायच्या. सावल्या नव्हत्या, मी पावलं ऐकत होते. शेवटच्या डावाला अकरा-अकरा असताना मी एकटी उरले आणि समोर दोघी. डावीकडे पाऊल वाजलं. मी वळणार तेवढ्यात बाबा जिवाच्या आकांताने ओरडले, "भिंत! रेणू, भिंत!"

आता भिंत म्हणजे मरण होतं. पण न वळावं तर मशीन जाणार होतं. मी वळले. भिंतीला नाक लावून, पाठ उघडी टाकून, मी कान देऊन उभी राहिले. एक पाऊल. दोन. समोरच्या पोरीला वाटलं असणार, हिचं मशीन लटकलं. ती बिनधास्त चालत आली. तिचं पाचवं पाऊल अगदी पाठीशी वाजलं तेव्हा मी फिरले. तिच्या मागोमाग दुसरीही तशीच निवांत येत होती.

पुढचं मला नीट आठवत नाही. तेजल मोबाइलमधून रडत होती. मी बाबांना मिठी मारली, त्यांच्या हातातला मोबाइल खाली पडला. गच्चीवरून आई ओरडून विचारत होती की काय झालं.

"हैदराबाद!" मी ओरडले.

पंखा मंगळवारी येणार, पुढच्या सरावाला अंदाज हवा, म्हणून मी मॅचभराच्या तापमानाची नोंद उघडली. मिनिटामिनिटाचे आकडे होते. बघता बघता मला हसूच फुटलं. बाबा बहात्तर म्हणत होते तेव्हा चौऱ्याऐंशी होतं. पंचाहत्तर म्हणत होते तेव्हा एकोणनव्वद. त्यांचा एकही आकडा बरोबर नव्हता. फक्त जिथे जिथे 'भिंत' होती तिथे तिथे नव्वद, एक्क्याण्णव. शेवटच्या भिंतीला चौऱ्याण्णव.

"काय बाबा, चौऱ्याऐंशीले बहात्तर? चष्मा लावत जा ना."

"चष्म्यानं होत नाही ते," बाबा म्हणाले.

"म्हणजे?"

"मोबाइलात काही दिसतच नव्हतं मले. पांढरं पांढरं हाले नुसतं. तुले धीर राहावा म्हणून आकडे सांगत होतो." त्यांनी डावा तळहात मला दाखवला. लाल झाला होता. "भिंत हातानं सांगितली. हात सोसते तोपर्यंत सोसते. नाही सोसलं की भिंत."

मी अजून हसतच होते. थांबायला जरा वेळ लागला.

"अन् ते सावल्या बंद केल्या, झाडं काढली... ते कार्ड थंड राहावं म्हणून नव्हतं?"

"कार्डाचं मले काय समजते, माय." ते खुर्चीत टेकले. "सावली असली की ती सावली आहे का खड्डा, कळतच नाही. गेल्या महिन्यात मूर्तिजापूर रोडवर बाभळीची सावली पडली होती. मले वाटलं, गड्डा. करकचून ब्रेक मारला. मागं बारशाची माणसं. एका बाईच्या मांडीवर दीड महिन्याचं लेकरू होतं. तिनं घट्ट धरलं होतं म्हणून." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "गिअरबॉक्सले काही झालं नाही, रेणू. गाडी बबलू चालवून राहिला."

बबलू म्हणजे त्यांचाच जुना क्लीनर, आता लायसन्स काढलेला.

"म्हटलं, इथं चालवून पाहू. इथं कोणी मरत नाही. झाडं काढली, सावल्या काढल्या, पाऊस काढला, तेव्हा कुठी रस्ता दिसला. तरी खांब लागतेच." ते पडद्याकडे बघत होते, तो तर बंद होता. "अन् खऱ्या रोडवरची झाडं मी कशी काढू?"

आदल्या दिवशी मी त्यांना काय काय बोलले होते ते एकेक शब्द मला आठवला. मी काही म्हणायच्या आत आई आली, पिठाने भरलेला एक हात आणि दुसऱ्या हातात साखरेची वाटी.

"हैदराबाद!" ती म्हणाली. "ऐका, घरची गाडी असताना पोरींनी रेल्वेनं कायले जावं? तुमीच नेऊन सोडा. मीही येते. सगळ्या पोरी आपल्याच गाडीत."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. ते सांगणं माझं काम नव्हतं.

"गाडी नेऊ," बाबा म्हणाले. "चालवन बबलू."

"अन् तुमी?"

"मी बाजूले बसन." मग ते म्हणाले, "मले दिसत नाही, शोभा."

आईने वाटी टेबलावर ठेवली. "माहीत आहे," ती म्हणाली. "पोळा झाल्यापासून पाहून राहिली मी. तुमी भातातला खडा काढत नाही. दाताखाली आला की तसाच गिळता."

"मंग बोलली काहून नाही?"

"मी म्हटलं असतं तर तुमी दुसऱ्या दिवशी मुद्दाम गाडी घेऊन नागपूरले गेले असते, मले दाखवाले." हे इतकं खरं होतं की बाबांनी वादही घातला नाही. "मी बबलूच्या बायकोले विचारत होती. त्यानं स्टिअरिंग हाती घेतलं तेव्हा माझा जीव खाली पडला. मंग म्हटलं, आता तुमच्या तोंडातून निघू द्या."

तिने चिमूटभर साखर घेतली आणि बाबांच्या तोंडात घातली. जिंकले मी होते, पण पहिली साखर त्यांना. मला त्याचं काही वाटलं नाही, हे लिहून ठेवते, कारण एरवी मला फार वाटतं.

सोमवारी आम्ही डोळ्याच्या डॉक्टरांकडे गेलो. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आजार निघाला, रक्तातल्या साखरेमुळे झालेला. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळू, डॉक्टर म्हणाले. बाबांनी विचारलं की गाडी? डॉक्टर नाही म्हणाले. बाबांनी मान हलवली आणि त्यांना धन्यवाद दिले.

हैदराबादला गाडी बबलूने नेली. बाबा रस्ताभर त्याच्या बाजूला बसले आणि नुसत्या आवाजावरून त्याला गिअर सांगत होते. बबलू निमूटपणे ऐकत होता. मी तेजलला पहिल्यांदा पाहिलं, ती माझ्या खांद्याएवढीही नव्हती. तिने सगळ्यांसमोर बाबांच्या पाया पडून "भिंतवाले काका" म्हटलं.

थंडगार हॉल होता, स्टेजवर नवीन मशीनं होती, सावल्या चालू होत्या. आमच्या डोक्यावर दोन मजली घराएवढा पडदा. आणि आम्ही दुसऱ्याच मॅचमध्ये सपाटून हरलो. मी तर इतकी वाईट खेळले की स्टेजवरून उतरताना मान वर केली नाही.

पहिल्या रांगेत बाबा उभे होते. चेहरा लाल, घाम फुटलेला, त्या एवढ्या एसीत.

"दिसलं!" ते म्हणाले. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "रेणू, सगळं दिसलं मले! एवढा मोठा पडदा! पहिल्यांदा पाह्यलं मी तुले खेळताना. ते लाल जाकिटवाली तू होती ना? काय खेळली, माय! एकेकीले असं टिपलं!"

आई त्यांच्या मागे उभी होती, तिने माझ्याकडे बघितलं.

लाल जाकिटवाली समोरच्या टीमची होती. मला तिनेच मारलं होतं, तीन वेळा.

"हो बाबा," मी म्हणाले. "मीच होती ते."